स्क्रीन काळी झाल्यावर

९ जानेवारी

नवीन वही सुरू केली. जुनीत साहेबांच्या ऑफिसातली रडगाणी भरली आहेत, ती पुन्हा वाचायची नाहीत.

नोकरी का सोडली ते इथे एकदा स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे मन डळमळलं तर उघडून बघता येईल. इमारतींच्या आतल्या जागा आखायचं शिक्षण मी घेतलं ते माणसांना नीट बसता-उठता यावं म्हणून. साहेबांकडे मी श्रीमंतांच्या न्हाणीघरांना संगमरवर लावत होते. तोही चित्रातला. चित्रं माझी, खाली नाव साहेबांचं. निघताना ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "जा, जा. बाहेर ऊन आहे. येशील परत," म्हणाले.

आता स्वतःचं काम करायचं तर चांगला लॅपटॉप हवा. कॉलेजातला जुना एक खोली उघडायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात धाकटी वेणी घालून, मोडून, पुन्हा घालते. आज जेवताना विषय काढला. बाबा म्हणाले, बघू. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही नव्हे. बाबा मालाची गाडी चालवतात, घाटात हळू घेतात तसेच बोलण्यातही.

१२ जानेवारी

दुकानात जाऊन आलो, बाबा आणि मी. किंमत इथे लिहीत नाही.

विक्रेता फार गोड बोलत होता. "हा साध्या लोकांसाठी नाहीच मॅडम, हा व्यावसायिकांसाठी आहे." साध्या लोकांपैकी एक शेजारीच उभे होते, त्यांनी विचारलं, "याला स्टेपनी नाही का?" विक्रेता हसला आणि म्हणाला, काका, यात सुटं काही नसतं, सगळं एकसंध बसवलेलं असतं, म्हणून तर इतका पातळ. हे त्याने कौतुकाने सांगितलं. मला मात्र ते तोट्यांच्या रकान्यात टाकावंसं वाटलं.

तोटे आणखीही आहेत. वजनाला मूल उचलल्यासारखा, आणि चार्जर म्हणजे वीट. विजेला जोडल्याशिवाय पूर्ण जोर दाखवत नाही, म्हणजे कडेवर घ्यायचा तरी नाळ भिंतीला. जोरात काम करायला लागला की पंखा असा घोंघावतो की दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. एवढ्याच पैशात टेबलावरचा संगणक याहून दणकट आला असता. पण आमच्या घरात टेबल एकच. त्यावर आई कापड कापते, त्यावरच आम्ही जेवतो. शिवाय ज्यांच्यासाठी मला काम करायचंय ते लोक आमच्या जिन्याने वर येणार नाहीत, मलाच त्यांच्याकडे जावं लागणार.

आणि रंग. त्या स्क्रीनवर पांढरा खरोखर पांढरा दिसतो, भिंतीवरचं सकाळचं ऊन आणि दुपारचं ऊन वेगळं दिसतं. मी पुन्हा पुन्हा तीच खिडकी उघडून बघत होते.

खरं सांगायचं तर अजून एक कारण आहे, ते बाबांना सांगितलं नाही. असा लॅपटॉप टेबलावर ठेवला की समोरचा माणूस "कोणाची मुलगी?" असं विचारत नाही.

१६ जानेवारी

घेतला. बाबांनी ठेव मोडली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सही झाली.

घरी आणल्यावर आईने हात पुसले, पदराला पुन्हा पुसले आणि टेप आणली. आई कव्हरं शिवते. मिक्सरची, फ्रिजची, सोफ्यांची, स्कूटरची, लोक सांगतील त्या वस्तूची. त्यामुळे आमच्या घरात काहीही उघडं नसतं. टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर, थंडीत पंख्याच्या पात्यांनासुद्धा पिशव्या. बाबा म्हणतात, मी जरा वेळ हललो नाही तर ही माझंही माप घेईल.

संध्याकाळपर्यंत कव्हर तयार. गडद निळं, आत कापूस भरलेलं, कडेला गोट, चार्जरला वेगळा खिसा. इतकं सुंदर की धाकटी म्हणाली, "ताई, लॅपटॉप विकून कव्हर ठेवू या."

मी आईला समजावलं, हा चालू असताना झाकायचा नाही, त्याला हवा लागते. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चालू आहे का बंद, मला कसं कळायचं?"

"स्क्रीन बघायची. उजेड दिसला की चालू, काळी असली की बंद."

"काळी असली की झाकू?"

"खुशाल झाक."

तिने ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं, ओठ हलताना दिसले. आईला काही शिकवायला मिळालं की मला फार बरं वाटतं. तिचं स्वतःचं शिक्षण फार लवकर सुटलं.

३ फेब्रुवारी

काम मिळालं. खरं काम.

एक डॉक्टरबाई आहेत, म्हाताऱ्या माणसांसाठी दवाखाना चालवतात. दवाखान्यामागे एक बंद पडलेलं गोदाम आहे, तिथे त्यांना दिवसभर बसायची जागा करायची आहे. ज्यांची मुलं-सुना कामावर जातात आणि जे घरी एकटेच भिंतीकडे बघत बसतात, त्यांच्यासाठी. पैसे देणारी काही मंडळी आहेत, त्यांची मार्चमध्ये बैठक आहे. त्यांना जागा कशी होईल ते दाखवायचं. नुसते नकाशे नकोत, त्या जागेतून चालत गेल्यासारखी फिल्म हवी.

मी लॅपटॉप उघडला आणि आधीची एक खोली दाखवली. डॉक्टरबाई चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या. "अगं, हे तू केलंस?" इतकंच. "कोणाची मुलगी" नाही.

गोदामाच्या खिडक्या फार उंच आहेत. खुर्चीत बसलेल्या माणसाला फक्त आभाळ दिसतं. मी पहिल्याच दिवशी ठरवलं, खिडक्या खाली आणायच्या, गुडघ्यापर्यंत. बसल्या बसल्या रस्ता दिसला पाहिजे, जाणारी-येणारी माणसं दिसली पाहिजेत. सगळ्या आराखड्यात मला हीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते.

१७ फेब्रुवारी

आमच्या गल्लीत रस्ता खोदलाय. दिवसभर यंत्र दगड फोडतं. धूळ इतकी की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी नाव लिहिता येतं. धाकटीने लिहिलं, तेही माझं नाव आणि पुढे गाढव.

लॅपटॉप मी चित्रं तयार करायला उघडाच ठेवून जाते. याला आम्ही रेंडर म्हणतो. संगणक एकेक चित्र रंगवत बसतो आणि अशी असंख्य चित्रं जोडली की फिल्म होते. हे रात्री लावलं असतं तर सोयीचं होतं, पण आम्ही सगळे एकाच खोलीत झोपतो आणि पंखा विमानासारखा वाजतो. बाबांना पहाटे गाडीवर जायचं असतं. म्हणून दिवसा लावते आणि गोदामावर मापं घ्यायला जाते. आत उष्णता नको वाढायला म्हणून स्क्रीन थोड्या वेळाने आपोआप काळी होईल अशी व्यवस्था केली आहे. तेवढीच बचत. आत काम चालूच राहतं.

आईने पाहिलं की मी लॅपटॉप उघडा टाकून जाते, पहिलं कव्हर तेव्हा बसत नाही. म्हणून तिने उघड्या लॅपटॉपच्या आकाराचं नवीन शिवलं, बाळाच्या टोपड्यासारखं, खाली टेबलापर्यंत झालर असलेलं. बाबांनी विचारलं, कानही झाकतेस का त्याचे?

आज परतले तेव्हा आई गॅलरीत ते टोपडं झटकत होती. "बघ किती धूळ बसते," म्हणाली. मी हो म्हटलं. माझं सगळं लक्ष चित्रं किती झाली यात होतं. फार कमी झाली होती. इतका महाग लॅपटॉप आणि दिवसेंदिवस मंदच होत चाललाय. हात टेकवायची जागासुद्धा तापलेली असते.

२६ फेब्रुवारी

मन लागत नाही. लॅपटॉपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "न थकणारा" असं छापलं होतं, आणि हा दुपारपर्यंत धापा टाकतो. मी दुकानात फोन केला. विक्रेता आता गोड बोलत नाही.

कधी कधी वाटतं, बाबांची ठेव मी एका चकचकीत डब्यात घातली. मग स्क्रीनवर ती खाली आणलेली खिडकी उघडते आणि वाटतं, नाही, हे जुन्यावर झालंच नसतं. एकाच दिवसात दोन्ही खरं वाटतं.

४ मार्च

आज शेवटची संपूर्ण फिल्म लावून गेले होते. डॉक्टरबाईंबरोबर गोदामात फिरले, त्यांच्याकडचे दोन आजोबा कुठली खुर्ची कुणाची यावर आतापासूनच भांडत होते. जागा अजून झालीही नाही. मी मनापासून हसले.

घरी आले तर लॅपटॉप बंद. बटण दाबलं, काही नाही. वायर बदलली, काही नाही. तळाला हात लावला तर चटका बसला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. टोपडं खुर्चीच्या पाठीवर. म्हणाली, "मघाशी जळल्यासारखा वास येत होता गं. मला वाटलं बाहेर डांबर तापवतात, तिकडूनच."

मी काय बोलले ते आठवत नाही. बैठक पुढच्या आठवड्यात आहे. माझ्याकडे आराखड्याची एक मागची प्रत वेगळी ठेवलेली आहे. फिल्मची एकही नाही.

५ मार्च

दुरुस्ती केंद्रात गेले. आई येतेच म्हणाली. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, तापाच्या मुलाला नेतात तसं.

तिथल्या माणसाने तो उघडला, आत टॉर्च मारला आणि मान हलवली. मुख्य पट्टी, म्हणजे मदरबोर्ड, जळली आहे. त्याच पट्टीवर सगळं बसवलेलं, साठवलेलंसुद्धा. ती बदलणं म्हणजे नवीन घेण्यासारखंच. हमीत बसणार नाही, कारण दोष वापरण्यातला आहे. मी विचारलं, कसला दोष?

"हवा अडलीय. एकदा नाही, रोजच्या रोज. गादीवर ठेवता का? वर काही पांघरूण टाकता का?"

मला इतका राग आला. मी सांगितलं की आमच्याकडे तो टेबलावर असतो, मी पदवीधर आहे, रोज यावरच काम करते, यंत्र कसं वापरायचं ते मला कळतं. तुमचा माल कच्चा आहे म्हणून ग्राहकावर ढकलू नका. तो म्हणाला, मॅडम, आत कापसाचे तंतू आहेत. मी म्हटलं, गल्ली खोदलीय, काहीही उडून येतं. आई मागे बाकावर बसली होती. हा सगळा तांत्रिक वाद, तिला त्यातलं काय कळणार.

परतीच्या वाटेवर तिने एवढंच विचारलं, "पांघरूण म्हणाला का तो?"

"ते काहीही बोलतात, जबाबदारी टाळायला." मी जरा झिडकारूनच बोलले.

कंपनीला तक्रार लिहायची आहे. अशा लबाडीविरुद्ध शिकलेल्या माणसांनीच उभं राहायला हवं.

६ मार्च

आई आज मशीनवर बसली नाही. सोफ्याच्या कव्हरांचं काम आलं होतं ते परत पाठवलं. डोळे दुखतात म्हणाली. टोपडं कुठे दिसत नाही, धुवायला टाकलं असेल. दुपारी फ्रिजचं कव्हरही काढलेलं दिसलं. मी विचारलं तर म्हणाली, कशाला उगाच सगळं झाकायचं. धाकटी खूश झाली, घर मोकळं वाटतं म्हणते.

एकंदर सगळ्यांचीच मनःस्थिती बिघडली आहे माझ्यामुळे. बाबा तर त्या विषयावर बोलतच नाहीत.

७ मार्च

साहेबांकडे गेले.

दुसरा मार्ग नव्हता. हे काम पेलणारी यंत्रं ओळखीत त्यांच्याकडेच आहेत. डॉक्टरबाईंना थांबा म्हणणं शक्य नव्हतं, त्या मंडळींची बैठक पुन्हा वर्षभर नाही.

साहेब दारातच म्हणाले, "या, मालकीणबाई."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. चहासुद्धा मागवला. मग अट सांगितली. यंत्रं वापर, दोन माणसं हाताशी देतो. पण काम ऑफिसचं म्हणून जाईल, आणि तू परत रुजू व्हायचं, निदान ही जागा बांधून होईपर्यंत. मी विचार करते म्हटलं. ते म्हणाले, कर की. बैठक माझी नाही.

जिन्यात उभी राहून मी विचार केला. माझं नाव एका बाजूला आणि खुर्चीवरून भांडणारे ते आजोबा दुसऱ्या बाजूला. हा काही फार अवघड हिशेब नव्हता. अवघड असायला हवा होता असं मात्र वाटत राहिलं. वर जाऊन हो म्हटलं.

९ मार्च

आज कळलं. लिहू नये असं वाटतंय, पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

ऑफिसात सकाळी फिल्म रेंडरला लावली होती. चारही यंत्रांच्या स्क्रीन काळ्या झाल्या होत्या, नेहमीप्रमाणे. झाडायला येणाऱ्या बाई आल्या, एकेक टेबल पुसत पुसत भिंतीपाशी गेल्या आणि बटणाकडे हात नेला. मी ओरडलेच. त्या दचकल्या. "अहो, बंदच आहे ना? काळंच दिसतंय सगळं."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, माफी मागितली. मग मीच खाली बसले.

उजेड दिसला की चालू, काळी असली की बंद. काळी असली की खुशाल झाक. मीच सांगितलं. आणि पुढे स्क्रीन आपोआप काळी होण्याची व्यवस्थाही मीच केली. तिने एकदाही चूक केली नाही. रोज, धूळ असो नसो, मी सांगितलं तसं अचूक केलं. कापूस भरलेलं, टेबलापर्यंत झालर असलेलं.

तो दुरुस्तीवाला खोटं बोलत नव्हता. तक्रारीचा मसुदा फाडला.

आईला हे कधीही कळता कामा नये. तिला कळलं तर ती आयुष्यभर स्वतःला दोष देत बसेल. त्या दिवशी वाटेत तिने पांघरुणाचं विचारलं आणि मी झिडकारलं, ते एका परीने बरंच झालं. तिच्या डोक्यातून तेव्हाच गेलं असणार.

१३ मार्च

बैठक झाली. पैसे मंजूर झाले.

फिल्म चांगली झाली होती. सुरुवातीला साहेबांच्या ऑफिसचं नाव आलं, माझं कुठेच नव्हतं, ते ठरलेलंच होतं. खिडकीचं मात्र ठरलेलं नव्हतं. साहेबांनी काल संध्याकाळी ती पुन्हा वर नेली होती. खाली एकसारखी कपाटं बसतात, खर्च वाचतो, पैसे देणाऱ्यांना कपाटं आवडतात. मी मोठ्या पडद्यावर बघितलं तेव्हा कळलं. चकचकीत खोली, रांगेत खुर्च्या, आणि खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसापुढे लाकडी दारं.

टाळ्या वाजल्या. डॉक्टरबाईंनी माझा हात दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना मी काय सांगणार? जागा तर होते आहे.

साहेब गाडीत म्हणाले, सोमवारपासून वेळेवर ये. मी म्हटलं, खिडकी खाली आणायला हवी. ते म्हणाले, बघू. आमच्या घरातलं "बघू" आणि त्यांचं वेगळं आहे.

१४ मार्च

घरी कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून आज मीच सांगून टाकलं. बाबा आणि धाकटी बाहेर होते. आई जमिनीवर बसून भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि मनात घोकून ठेवलं होतं तसं सांगितलं. लॅपटॉपचा तपास पूर्ण झाला आहे. दोष कारखान्यातला होता, आतल्या एका भागातला. कुणी कसाही वापरला असता तरी तो जळणारच होता. नुकसान झालं खरं, पण मी नोकरीत परत आहे, बाबांची ठेव हळूहळू भरून काढीन.

तिने मान वर केली नाही. "तुझी काही चूक नव्हती ना?"

"नाही."

हातातली जुडी तिने सोडली, परत उचलली. "आणि माझी?"

"तुझी कशी असेल, आई?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही ना? मग झालं," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात मातीचा होता, ते लक्षात आल्यावर तिने माझे केस पदराने पुसले. म्हणाली, तू नको आता मनाला लावून घेऊस. जेवून घे.

मला इतकं हलकं वाटलं. मला भीती होती की ती खोदून विचारेल, तारखा जुळवेल. काहीच विचारलं नाही तिने. मी सांगितलं की तिला पटतं, पहिल्यापासून. घरात एक तरी शिकलेलं माणूस असल्याचा एवढा उपयोग झाला.

उद्यापासून ती चौकातल्या शिवणाच्या कारखान्यात जाणार आहे, शर्टांना काजं करायला. घरी बसून कंटाळा येतो म्हणते. डोळे दुखायचे थांबलेले दिसतात.